अमिरुन भाभींची मोकळी जागा

अमिरुन्निसा भाभींच्या घरी जेवल्याशिवाय आकाश बघायला मिळत नाही. हा नियम मोडायचा प्रयत्न मी एकदाच केला. पश्चिमेला शुक्र असा काही झळकत होता की मी अर्धं ताट तसंच सोडून मागच्या दारी पळालो. भाभी माझ्या पाठोपाठ आल्या, आमच्या दुर्बिणीवर शांतपणे एक चादर टाकली आणि म्हणाल्या, "सर, शुक्र कुठं पळत न्हाय. भाकरी गार होते." तेव्हापासून मी मुकाट्याने जेवतो, हात धुतो आणि मगच वर बघतो.

मी काळूराम. तळा गावच्या हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. गावात आमचं एक आकाश मंडळ आहे. मंडळ म्हटल्यावर लोकांना वाटतं गणपतीची वर्गणी मागायला आलेत. आम्ही मोजून सात जण, आणि त्यातला अंबाजी मोबाईल दुरुस्तीचं दुकान सांभाळून येतो म्हणून साडेसहाच धरा. मला भाषणं, हारतुरे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आवडत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत तिन्ही आहेत.

भाभींचं घर दिवेआगरला, समुद्राच्या अलीकडे. घर पुढे, वाडी मागे. मालक अब्दुस्समद, म्हणजे समदभाई, पंचवीसेक वर्षं कुवेतला एका कंपनीच्या गोदामात होते. घर, वाडी, सासू-सासऱ्यांची म्हातारपणं आणि हफ्सा नावाची मुलगी हे सगळं भाभींनी एकटीने ओढलं. पुढे दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. दारावर पाटी नाही, पण ज्याने एकदा त्यांच्या हातचं कोलंबीचं कालवण आणि सांदणं खाल्ली तो पाटीशिवाय परत येतो. अंगाने बारीक, बोलणं कमी, आणि ताटात कोणी टाकलं तर नुसतं बघतात. त्या बघण्याने मी मोठमोठ्या इंजिनीयरांना वालाचं बिरडं दुसऱ्यांदा वाढून घेताना पाहिलंय.

दोन हजार वीसच्या जूनमध्ये चक्रीवादळ आलं तेव्हा समदभाई कुवेतलाच होते. भाभी आणि हफ्सा मधल्या खोलीत पलंगाखाली बसून होत्या. कौलं उडाल्याचं कळत होतं, पण त्याहून वाईट आवाज मागच्या बाजूने येत होता. एकेक माड पडत होता. सासऱ्यांनी हाताने लावलेले माड आणि पोफळी, काही तर त्यांच्याही वडिलांच्या वेळच्या. वारा थांबल्यावर भाभींनी मागचं दार उघडलं, तर समोर वाडीच नव्हती. सगळं आडवं झालं होतं.

"मी या घरात सून म्हणून आले तेव्हापास्नं मागच्या दारी दुपारचाही दिवा लावायची," त्या सांगतात. "इतकी सावली. त्या दिवशी इतका उजेड आला की हफ्साने डोळे मिटून घेतले."

समदभाईंनी ते फोनवर बघितलं. विमानं बंद होती, येता येत नव्हतं. हफ्साने फोन फिरवून सगळी वाडी दाखवली, आणि त्यांनी फोन बंद केला. पुढे कितीतरी दिवस त्यांनी पुन्हा वाडी दाखव म्हटलं नाही.

गावात वीज नव्हती. महिना उलटला तरी नव्हती. मधे एका संध्याकाळी पाऊस उघडला, आणि मागच्या दारी भांडी घासायला बसलेल्या भाभींनी सहज वर बघितलं. त्यांच्याच अंगणावर, त्यांच्याच डोक्यावर, एवढे तारे होते. लग्नाला वीस वर्षं झाली आणि आपल्या घराला आकाश आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

"मना रडू यायला पायजे होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी हसत बसले. माझी मनाच लाज वाटली."

पुढच्या पावसात भाभींनी नवी रोपं लावली. चारी बाजूंनी पोफळी, माड, मधेमधे केळी. फक्त मधोमध एक जागा तशीच राहिली. आधी तिथले उन्मळलेले बुंधे निघत नव्हते म्हणून, आणि नंतर आमच्यामुळे.

आम्ही गेलो त्याच हिवाळ्यात. तळ्याला दिवे वाढले होते आणि आम्हाला अंधार हवा होता. टेम्पोत दुर्बीण घालून दिवेआगरला पोचलो. आमची दुर्बीण म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येणारा जाडजूड नळा आणि खाली लाकडी बैठक. लोक तिला पाण्याची टाकी समजतात. परतताना टेम्पो मिळेना, आणि रिक्षावाल्याने तिच्याकडे एक नजर टाकून रिक्षा वळवली ती वळवलीच. म्हणून ती भाभींच्या नारळाच्या खोलीत ठेवून आलो. तिला न्यायला पुन्हा गेलो तेव्हा ती मोकळ्या जागेत मांडलेली होती, पुसलेली होती, आणि भाभी स्टुलावर बसून गुरूचे चंद्र बघत होत्या. मग ती तिथेच राहिली.

त्या ट्रिपला आमच्याबरोबर नेत्रा होती. पेणजवळच्या मिठागरांवर राबलेल्या घरातली मुलगी, तेव्हा एमएस्सी करत होती. तिची आजी ठमाबाई अजून हाताचे घट्टे दाखवते आणि म्हणते, माझ्या नातीचे हात बघा, कसे कापसासारखे. ही कापसाच्या हातांची मुलगी भाभींच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि तिने त्यांना एक तारा दाखवला.

हंस नावाच्या तारकासमूहात तो आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. खरं तर ते दोन तारे आहेत, एकमेकांना खेटून फिरणारे. एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो, तो वायू भोवती साठत जातो, आणि साठता साठता एक दिवस भडकतो. मग तो बारका ठिपका एकदोन दिवसांत चाळीसपट तेजस्वी होतो, काही दिवस तसा राहतो आणि पुन्हा विझत जातो. पुढचा भडका कधी, हे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. त्यासाठी रोज बघावं लागतं. शेजारच्या, न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून बघायचं आणि सांगायचं.

"म्हंजे दूध उतू जायची वाट बघायची," भाभी म्हणाल्या.

"तसंच," नेत्रा म्हणाली.

तेव्हापासून हंस आकाशात असेल त्या दिवसांत, पाहुण्यांची जेवणं उरकली की किंवा पहाटेच्या नमाजाआधी, भाभींचा आमच्या ग्रुपवर निरोप येतो. निरोपाचे तीनच शब्द आहेत. 'झोपलाय', 'जागा' आणि 'ढग'. पावसाळ्यात महिनोन्‌महिने नुसते ढग येतात. एकदा अंबाजी त्यांना म्हणाला, भाभी, दोन आठवडे झोपलेलाच आहे, आज ढगांतूनही लिहून टाका झोपलाय म्हणून, काय फरक पडतो. भाभी त्याच्याकडे, ताटात टाकणाऱ्या माणसाकडे बघतात तशा बघत राहिल्या.

"बघितला न्हाय तो बघितला कसं लिवू? ईदचा चांद असता तर तू असं बोलला असतास?"

अंबाजी त्या दिवशी भाकरी जास्तच खाऊन गेला.

यंदा दिवाळी सरत आली आणि नेत्राचा फोन आला. ती आता पुण्याला एका संस्थेत काम करते, 'चित्रा' नावाच्या अवकाश दुर्बिणीवर. ही दुर्बीण अतिनील प्रकाशात बघणार. तो प्रकाश आपली हवा खाली येऊच देत नाही, त्यामुळे वर गेल्याशिवाय गत्यंतर नाही. कितीतरी वर्षं कागदावर असलेली ती मोहीम मंजूर झाली होती. दोन वर्षांत उडणार होती. आणि उडण्याआधी ती देशातल्या खगोलवाल्यांपुढे, म्हणजे मोठे शास्त्रज्ञ आणि आमच्यासारखे हौशी दोघांपुढे, मांडायची होती. ते काम नेत्राकडे आलं होतं.

"आणि सर, ते मी दिवेआगरला करणार आहे," ती म्हणाली. "भाभींच्या वाडीत."

मी फोन ठेवला आणि घरात येरझाऱ्या घालायला लागलो. आनंदाने मला एका जागी बसवेना. बायकोने कपाळाला हात लावून बघितला. जिला मी दिवेआगरच्या रिक्षात दुर्बिणीच्या भिंगांची डबी मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं, ती पोरगी आता आकाशात दुर्बीण पाठवणार होती आणि ती गोष्ट आपल्या कोकणात, नारळाच्या झावळ्यांखाली सांगणार होती. मी मंडळातल्या बाकी सहाही जणांना फोन केले. अंबाजीला दोनदा.

आठवड्याभराने खुर्च्यांचं बघायला दिवेआगरला गेलो. समदभाई रमजानच्या आधीच कुवेत सोडून कायमचे घरी आले होते. उंच, नीटनेटका माणूस. गोदामात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू एका रांगेत. उत्साह माझ्याहून दांडगा. मांडव कुठे, चहा कुठे, गाड्या कुठे लावायच्या, सगळं ठरलेलं. शाळेतल्या पूनम बाईंना सूत्रसंचालनालाही सांगून झालं होतं. मग त्यांनी मला मोकळ्या जागेत नेलं. तिथे सुतळी ताणून ठिकठिकाणी खुणा केल्या होत्या.

"इथं माड लावायचे," ते म्हणाले. "कार्यक्रम संपला की मेहमानांच्या हातनं. प्रत्येकाच्या नावाचं एक रोप. रोपं सांगून ठेवलीत."

मान्यवरांच्या हस्ते वृक्षारोपण आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमात असतं. पतपेढीच्या सभेतही असतं. पण हे लोक आकाश बघायला येणार आणि त्यांच्याच हातून त्या आकाशावर माड लावायचे, असला बेत फक्त आपल्याच मुलखात होऊ शकतो.

"पण मग भाभी बघणार कुठून?" मी विचारलं.

समदभाईंनी खिशातून फोन काढला आणि नेत्राने पाठवलेलं निमंत्रण माझ्यापुढे धरलं. जमिनीवरून जे कधीच दिसणार नाही ते पाहण्यासाठी, असं त्यात लिहिलं होतं.

"जमिनीवरून बघायचं संपलं, सर. दुर्बीण वर चालली. मग या भोकाचं काय काम? आणि पाऊस नसला तरी पाण्याला विहीर हाय." त्यांनी फोन खिशात ठेवला. "मी गेलो तेव्हा वाडी भरलेली होती. अब्बांची वाडी. मना ती भरलेली बघायची हाय."

भोक हा शब्द मला लागला. पण मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. हा माणूस आल्यापासून रोज मागचं दार उघडत होता आणि रोज त्याला तेच दिसत होतं, जे त्याने फोनमध्ये एकदा बघून बंद केलं होतं.

भाभी ओट्यावर मासे साफ करत होत्या. मी त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

"लावू दे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बाहेर राह्यला माणूस. कधी काय मागितलं न्हाय." मग सुरी बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या, "सर, ती दुर्बीण वर गेली की माझा तारा तिला दिसंल ना? रोज?"

"दिसेल," मी म्हणालो.

"मग झालं."

पण झालेलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते कोपराने पुसले. मी नेत्राला फोन लावायला खिशात हात घातला तर त्यांनी मला अडवलं. पोरीला यातलं अक्षर सांगायचं नाही. ती भाषणाच्या गडबडीत आहे, तिचं लक्ष उडेल. मला शपथच घातली. मी चरफडत तळ्याला परतलो. रात्री नेत्राला नुसतं विचारलं, वर दुर्बीण गेल्यावर खाली आमचं काही काम उरतं का गं. ती घाईत होती. "भाषणात सगळं आहे सर," म्हणाली आणि फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी साठेक माणसं आली. पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून, दोघे तर बंगळूरूहून. दुर्बिणीवर काम करणारे, गणितं करणारे, आणि माझ्यासारखे गळ्यात मफलर आणि हातात विजेरी घेऊन हिंडणारे. प्रमुख पाहुण्या डॉ. पूर्वी कर्णिक, केस पांढरे, चाल शाळकरी मुलीची. समदभाईंनी रांगेत खड्डे खणून ठेवले होते आणि मधल्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. ते खड्डे बघून कोणालाच काही वाटलं नाही. नेत्रा सकाळपासून प्रोजेक्टरच्या वायरींत गुंतलेली, तिला वाटलं मांडवाच्या खांबांचे असतील. मुंबईच्या एका गृहस्थांना वाटलं चुली आहेत. मी डॉ. कर्णिकांना लगबगीने नमस्कार करायला गेलो आणि गुडघ्यापर्यंत एका खड्ड्यात उतरलो. नमस्कार मात्र पुरा केला.

जेवणं झाली. जेवल्याशिवाय काही सुरू होणार नव्हतंच. मग पूनम बाईंनी स्वागत केलं, हार झाले, आणि नेत्रा उभी राहिली.

आधी ती इंग्रजीत बोलली आणि कागदाला चिकटून राहिली. आरशाचा व्यास, कक्षा, वजन. दुपारची वेळ, पोटात सांदणं, लोक पेंगायला लागले. मला घाम फुटला. मग तिने पाणी प्यायलं, कागद खाली ठेवला, समोर बघितलं आणि मराठीत म्हणाली, "मी तुम्हाला एक तारा मरताना दाखवणार आहे, पहिल्या तासात."

मांडव जागा झाला. मोठा तारा फुटतो तेव्हा पहिली लखलख अतिनील प्रकाशात असते आणि ती काही तासांत ओसरते. आपल्याला कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. चित्रा ती लखलख पकडणार होती. तिने पडद्यावर दुर्बिणीचं चित्र लावलं, सोनेरी पंख पसरलेलं, आणि ते हळूहळू वळताना दाखवलं. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर, कुठेही न थांबता. शेजारी अंबाजी तोंड उघडं ठेवून बसला होता. बंगळूरूचा एक तरुण तर उठून पडद्याजवळ जाऊन उभा राहिला आणि मागच्यांनी ओरडल्यावर तिथेच खाली बसला. नेत्राचे हात आता बोलत होते. मागे स्वयंपाकघराच्या दारात भाभी उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून, आणि समदभाई चहाची किटली घेऊन शेवटच्या रांगेपाशी.

"पण या दुर्बिणीची एक अडचण आहे," नेत्रा म्हणाली. "तिचा डोळा फार नाजूक आहे. झोपलेला तारा म्हणून तिने मान वळवावी आणि तो नेमका भडकलेला असावा, तर डोळा कायमचा जळेल. म्हणून नियम केलाय. असल्या ताऱ्याकडे वळण्याआधी ती थांबणार. जमिनीवरून कोणीतरी त्याच दिवशी बघून सांगायचं, झोपलाय. तसा निरोप आला तरच ती बघेल. निरोप आला नाही तर बघणार नाही."

मुंबईच्या गृहस्थांनी हात वर केला. "एवढी मोठी दुर्बीण वर असताना खालच्या माणसाला विचारायचं? कॅमेरे लावा की."

"कॅमेरेही असतील," नेत्रा म्हणाली. "पण एका यंत्राचा डोळा दुसऱ्या यंत्राच्या भरवशावर ठेवायला आम्ही धजावलो नाही. आज सकाळी इथे शेजारी नारळ पाडत होते, ते मी बघत होते. वर चढलेल्या माणसाला झावळ्यांमुळे पायाखालचं काही दिसत नाही. तो कोयता लावून थांबतो. खालचा माणूस बघतो, कोणी नाही ना, आणि म्हणतो, टाका. मगच तो नारळांचा घड सोडतो. वरचा कितीही उंच असला तरी खालच्याने सांगितल्याशिवाय सोडत नाही. आमचंही तसंच आहे."

मागे किटलीचं झाकण वाजलं. समदभाईंनी मला नंतर सांगितलं की लहानपणी त्यांचे अब्बा याच वाडीत माडावर चढायचे आणि खाली ते उभे असायचे. ते कमरेएवढे होते तेव्हापासून. गावातले लोक हसायचे, एवढ्याशा पोराला विचारतोस. पण अब्बा त्यांनी टाका म्हटल्याशिवाय एक नारळ सोडत नसत.

नेत्रा पुढे बोलत होती. देशभरात अशी काही ठिकाणं निवडायची होती. डोक्यावर मोकळं आकाश हवं, आणि ते पुढची दहा वर्षं मोकळं राहायला हवं. बघणारा माणूस रोजचा हवा, आणि न बघता सांगणारा नको.

"पश्चिम किनाऱ्यावरचं पहिलं ठिकाण मी सुचवलंय, ते मंजूर झालंय," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता बसलाय ती जागा. इथून पाच वर्षांहून जास्त काळ निरोप येतोय, आणि एकही खोटा नाही. भाभी, तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलंय. हे आकाश दहा वर्षं मोकळं ठेवाल?"

साठ माना मागे वळल्या. भाभींचा चेहरा एकदम उजळला. मग त्यांनी खड्ड्यांकडे बघितलं आणि तो उजेड तसाच मावळला. तो चेहरा मला बघवेना.

"वाडी त्यांच्या अब्बांची हाय," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू."

नेत्राला काही कळेना. तेवढ्यात टाळ्या पडल्या, भाषण संपलं असं समजून पूनम बाई माईकपाशी आल्या आणि हातातल्या कागदावर होतं तसं वाचलं. "यानंतर मान्यवरांच्या शुभहस्ते याच जागेत माडांचं वृक्षारोपण होईल."

नेत्राने खड्ड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी शपथेत अडकलेला माणूस, नुसते हात जोडले. डॉ. कर्णिक मात्र बिचाऱ्या आनंदाने उठल्या होत्या. फोटोवाला पुढे आला. त्यांनी एक रोप उचललं, पहिल्या खड्ड्यापाशी गेल्या आणि समदभाईंची वाट बघत उभ्या राहिल्या, कारण यजमानाशिवाय रोप लावायचं नसतं.

समदभाई शेवटच्या रांगेतून निघाले. किटली हातातच होती, ती वाटेत त्यांनी कोणाच्या तरी खुर्चीवर ठेवली. सावकाश चालत आले. खड्ड्यापाशी थांबून त्यांनी वर बघितलं. चारी बाजूंनी पोफळींचे शेंडे आणि मधे संध्याकाळचं आकाश. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी डॉ. कर्णिकांच्या हातातलं रोप दोन्ही हातांनी धरून त्यांच्याच छातीशी टेकवलं.

"मॅडम, हे तुम्ही घेऊन जा. तुमच्या दारात लावा."

"पुण्याला? तिथे कुठे हा माड नीट होणार. इथेच लावू की," डॉ. कर्णिक म्हणाल्या.

त्या केवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत आम्ही सगळे उभे होतो. समदभाईंनी ती एकदा सगळी नजरेखालून घातली, आणि मग भाभींकडे बघत म्हणाले,

"इथं जागा न्हाय."

कोणी हसलं नाही. भाभी दारातून आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जरा मोठा. नेत्रा उघड उघड रडत होती आणि ते लपवायला वायरी गुंडाळत होती. अंबाजीने फावडं उचललं आणि पहिला खड्डा बुजवायला घेतला. मग समदभाईंनी दुसरं फावडं घेतलं, आणि मुंबईचे गृहस्थ हाताने माती लोटायला लागले. रोपं सगळ्यांना वाटून टाकली. बंगळूरूचे दोघे आपापलं रोप मांडीवर घेऊन गाडीत बसले, ते कुठवर टिकलं देव जाणे.

माझं मी तळ्याला आणलं. बायको म्हणाली, आकाश बघायला गेला होतात ना. मी परसात खड्डा खणला, रोप लावलं, पाणी घातलं. हात धुवून आत आलो तर ग्रुपवर निरोप आला होता. शब्द रोजचाच होता, पण त्यापुढे आज आणखी दोन होते.

'झोपलाय. दोघांनी बघितला.'